हातचा

"हातचा एक. तो खिशात ठेवा," कानातला माणूस म्हणाला, आणि उषाबाईंची पेन्सिल 'वेग' असं लिहिलेल्या रकान्यात अर्ध्यावर थांबली. दुपारचे तीन वाजत होते. शाळेच्या संगणक खोलीत त्या एकट्याच होत्या, आठ यंत्रांपैकी चालू असलेल्या चारांतल्या एकापुढे, डोक्यावर हेडफोन लावून, पाठीशी उशी घेऊन. खिडकीची काच हलली, म्हणजे स्टेशनातून गाडी गेली असावी; पण कानांवर गाद्या होत्या, त्यामुळं त्यांना ऐकू आलं ते फक्त त्या माणसाचं थांबणं. तो थांबला होता. मग हसू दाबून बोलावं तसा म्हणाला, "आणि घरी न्यायचा नाही, बरं का." उषाबाईंनी मागं वळून पाहिलं. मागं निळ्या कापडाखाली झाकलेली बंद यंत्रं होती, दुसरं काही नव्हतं. आपलं लुगडं कुणा अनोळखी माणसाच्या दोरीवर वाळत पडलेलं दिसावं, तसं त्यांना झालं. काठ तोच, ठिगळही तेच, आणि दार मात्र कधी न पाहिलेलं. त्यांनी माउस धरला, व्हिडिओ अर्धं मिनिट मागं नेला आणि परत ऐकलं. परत तेच. हे वाक्य त्यांचं होतं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या प्रशिक्षणात त्यांना कुणी दिलं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी जांब समर्थच्या अलीकडच्या एका वाडीवर, एकशिक्षकी शाळेत, त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं होतं, आणि का निघालं होतं ते आठवलं की अजूनही त्या एकट्या असताना मान खाली घालत.

हे ऐकण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं ते साहेबरावांमुळं. साहेबराव मुख्याध्यापक, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, मनानं चांगला माणूस. संस्थेनं ठरवलं होतं, की येत्या जूनपासून आठवी-नववीच्या मुलांना संगणक शिकवायचा तो इंटरनेटवरच्या व्हिडिओंतून, आणि वर्षाच्या शेवटी ज्यांचे व्हिडिओ त्यांचंच प्रमाणपत्र मुलांच्या हातात द्यायचं. तीन कंपन्या पुढं आल्या होत्या, तिघींनी पंधरा दिवस फुकट बघायची सोय दिली होती. साहेबरावांनी उषाबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "मॅडम, तिन्ही बघायची सबुरी तुमच्याशिवाय कोणातच न्हाई. तुम्ही म्हणाल ते घेऊन टाकू. मंग तुम्हाला बी रोज उन्हात यायची तकलीफ न्हाई." चहा गोड होता. उषाबाईंनी तो सगळा प्यायला, आणि कप बशीत ठेवताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपली जागा कोण घेणार ते आपल्यालाच निवडायला सांगितलं आहे.

जागा तरी कसली. निवृत्तीला पाच वर्षं होऊन गेली होती. नोकरीच्या शेवटी सरकारी नियम म्हणून संगणकाची परीक्षा द्यावी लागली, तेव्हा बरोबरीच्या बाया कुरकुरत होत्या आणि उषाबाई छप्पन्नाव्या वर्षी माउस धरायला शिकून खूश झाल्या होत्या. निवृत्त झाल्यावर साहेबरावांनीच विचारलं आणि त्या रोज पावणेचार ते साडेचार मुलांना संगणक शिकवायला येऊ लागल्या. त्या पाऊण तासाभोवती त्यांचा दिवस बेतलेला होता. त्याच्यासाठी साडीला इस्त्री, त्याच्यासाठी दुपारी पडल्यावरही केस न विस्कटू देणं. नवरा, राधाकिसन, कृषी संशोधन केंद्रात होते. ते जाऊन अकरा वर्षं झाली. मूल झालं नाही. सकाळी दूधवाला घंटी वाजवी आणि पिशवी कडीला अडकवून जाई. त्यानंतर पावणेचारपर्यंत त्यांना कुणी हाक मारत नसे. कधीकधी वर्गात पहिला शब्द उच्चारताना आवाज फाटे, दिवसभर न वापरल्यामुळं, आणि मुलांना वाटे मॅडमना सर्दी झाली.

म्हणून पहिल्या दिवशीच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की तिन्ही नापास करायच्या. खोटं लिहायचं नाही. पण खोट काढायला बसलं की ती निघतेच, वह्या तपासणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. फुलस्केप कागदावर पट्टीनं रेघा मारून त्यांनी रकाने पाडले: भाषा, वेग, आवाज, चित्र, प्रमाणपत्र, आणि शेवटी सगळ्यांत रुंद एक, 'मूल अडलं तर'. पहिली कंपनी परदेशी. तिचं प्रमाणपत्र जगात कुठंही चालेल असं साहेबराव म्हणत होते. कोपऱ्यात एका गोऱ्या माणसाचा चेहरा, सगळं झकपक, पण त्याची इंग्रजी आठवीच्या मुलांच्या डोक्यावरून गेली असती. तो बोलताना शब्दांचे शेवट खाऊन टाकी. दुसरी हिंदीतली. एक तरतरीत मुलगी शिकवायची आणि दर वाक्यानंतर विचारायची, "ओके?" विचारायची आणि लगेच पुढं जायची. पहिल्या तासाभरात तिनं दीडशे वेळा तरी विचारलं असेल, उत्तरासाठी एकदाही थांबली नाही. 'मूल अडलं तर' ह्या रकान्यात उषाबाईंनी समाधानानं लिहिलं, 'अडलेलं मागं राहील.' दोन कामं झाली होती. तिसरीसाठी फारसा वेळ लागणार नाही असं त्यांना वाटलं होतं.

तिसरी मराठीतली, पुण्याच्या बाजूची कुठली तरी नवी कंपनी. तिच्यात माणसाचा चेहराच नव्हता. पांढरा फळा, त्याच्यावर एक सावळा हात, हातात काळं पेन. आवाज साधा. संगणक आकडे कसे मोजतो ते तो सांगत होता: त्याला फक्त शून्य आणि एक एवढंच येतं, त्यामुळं एक अधिक एक केलं की जागा संपते, शून्य लिहायचं आणि हातचा एक. तिथं तो हात फळ्यावरून बाजूला गेला, चित्राच्या बाहेर, जिथं खिसा असणार तिथं, आणि रिकामा होऊन परत आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा माणूस प्रश्न विचारून थांबत होता. उषाबाईंनी सवयीनं मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचाला तो बोलला. पुढच्या प्रश्नालाही पाच. वाडीवरच्या शाळेत पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःला लावून घेतलेली सवय होती ती: प्रश्न टाकला की पाच आकडे मोजायचे, तोपर्यंत तोंड उघडायचं नाही, कारण हुशार मुलाला एक आकडा पुरतो आणि बाकीच्यांना चार.

जालना जिल्हा वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढं चिंच. उषाबाई पस्तिशीच्या. तिसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज काही केल्या उमगेना. बारातले दोन खाली लिहिले, मग एक कुठं गेला? म्हणून त्यांनी डबाभर चिंचोके गोळा केले. हातचा आला की प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा. "हा हातचा. हातातला. आता तुझा. खिशात ठेव." पुढच्या घराला गेलं की खिशातून काढायचा आणि मिळवायचा. मुलांना खेळच झाला. त्यांच्यात भुजंग नावाचं एक पोर होतं, मेंढरांच्या वाड्यावरचं, कचरू धनगराचं. बापाचा सदरा कापून शिवलेला, त्याला एकच मोठा खिसा. सत्तावीस अधिक पंधरा. त्यानं पाटीवर बत्तीस लिहिले. उषाबाईंनी विचारलं, हातचा कुठाय? पोरानं खिसा पालथा केला, रिकामा. तास संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गापुढं त्यांनी परत विचारलं, आणि तो हळू आवाजात म्हणाला, "घरी नेला, बाई. आईपाशी ठिवलाय."

वर्ग हसला. खोलीत मावेना एवढा हसला. आणि उषाबाई हसल्या. त्यांना हसू आवरलं नाही, हसतच त्यांनी फळ्याकडे वळून म्हटलं, "हातचा घरी न्यायचा न्हाई, बरं का." एवढंच. रागावल्या नाहीत, मारलं नाही. पण मुलांनी त्याला त्या दिवसापासून 'हातच्या' म्हणायला सुरुवात केली, आणि उषाबाईंना ते बरेच दिवस कळलं नाही, कळलं तेव्हा त्यांनी चार मुलांना दटावलं आणि विषय संपला असं धरलं. भुजंगनं वर्गात बोलणं सोडलं. दिवाळीनंतर कचरू शाळेच्या दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही, काठी उंबऱ्याला टेकवून म्हणाला, "बाई, पोरगं न्हाई येणार आता. आम्ही मेंढरं घेऊन खाली चाललो." त्या म्हणाल्या, जिथं जाल तिथल्या शाळेत घाला. तो हो म्हणाला. त्यांनाही माहीत होतं आणि त्यालाही, की हा हो कसला आहे. पाठमोऱ्या भुजंगकडे पाहताना त्यांना तेव्हा कुठं ती साधी गोष्ट कळली: चूक पोराची नव्हती. आपणच म्हटलं होतं, आता तुझा. जे आपलं आहे ते माणूस घरी नेतो, आईला देतो. त्याला ह्यापलीकडं दुसरं काही करताच आलं नसतं.

पण ते वाक्य त्यांनी सोडलं नाही. हे त्यांना स्वतःलाही कधी उलगडलं नाही. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, बदली होऊन इथं बदनापूरला आल्यावरही, चिंचोके वाटताना तोंडातून ते आपसूक निघे, मुलं हसत, आणि हसण्याच्या मधोमध उषाबाई एक क्षण कुठंतरी निघून जात. शेकडो मुलांनी ते ऐकलं असेल. म्हणजे फळ्यावरचा हा सावळा हात कुणाचाही असू शकत होता. वाण्याच्या पोराचा, पोस्टमनच्या पोराचा. हे त्यांना बरोबर समजत होतं. तरीही त्या दुपारी त्यांनी तो तुकडा किती वेळा मागं नेला त्याला हिशेब राहिला नाही, आणि दर वेळी त्या एकच गोष्ट ऐकत होत्या: हा माणूस हे वाक्य हसून म्हणतो आहे की नाही. हसून म्हणत असेल आणि तो भुजंग असेल, तर मग त्याचं पुढं चांगलं झालं होतं. कुठल्या तरी शाळेच्या दारात बाप थांबला होता आणि पोर आत गेलं होतं. वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मुलं दार ढकलून आत आली तेव्हा मॅडम रिकाम्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

व्हिडिओच्या खाली प्रश्न विचारायला एक चौकट होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यात लिहिलं. मराठी अक्षरं यंत्रावर नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत, एकेक कळ शोधत: आपण जालना जिल्ह्यातले का? आपलं नाव भुजंग का? आपल्याला कोणी शिकवलं? तिसरा प्रश्न खोडला. परत लिहिला. परत खोडला. पाठवून दिल्यावर त्यांना लाज वाटली, भर रस्त्यात कुणाला तरी मोठ्यानं हाक मारल्यासारखी. त्यानंतरचे चार दिवस त्या दोन वाजताच शाळेत येत होत्या. शिपाई विचारी, मॅडम एवढ्या जल्दी? त्या म्हणत, व्हिडिओ तपासायचे आहेत. एक दिवस वीज नव्हती, दीड तास त्या अंधारलेल्या पडद्यापुढं बसून राहिल्या. पडद्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, कोपऱ्यात, पहिल्या कंपनीच्या गोऱ्या माणसासारखा. घरी त्या पोळी लाटता लाटता मोठ्यानं म्हणून पाहत, "बरं का." म्हणताना आपण हसतो का? हसत होतो का? लाटणं थांबे. शेजारच्या घरात टीव्हीवर कुणी तरी टाळ्या वाजवत असे.

पाचव्या दिवशी चौकटीखाली उत्तर होतं. त्यांनी आधी चष्मा पुसला. 'नमस्कार मॅडम. मी भुजंग नाही, माझं नाव संपत. मी सोलापूरकडचा. हातच्याचं ते वाक्य आमच्याकडे शिकवणारे सगळेच म्हणतात, नवीन माणूस आला की त्याला आधी तेच शिकवतात. कुणी सुरू केलं ते इथं कुणालाच माहीत नाही. प्रश्न विचारून पाच मोजायचे हेही तसंच. काही चुकलं आहे का?' उषाबाईंनी ते दोनदा वाचलं. खोलीत पंखा फिरत होता. कुणालाच माहीत नाही. म्हणजे कुठून तरी, कुणाच्या तरी तोंडून, हे तिथवर पोचलं होतं. कुणी तरी ते खिशात ठेवून नेलं होतं, पुण्यापर्यंत, आणि मग तो माणूस गळून पडला होता आणि वाक्य तेवढं राहिलं होतं. तो भुजंग असेल. नसेलही. आता ह्यापुढं विचारायला जागा नव्हती. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच काही, पाटी पुसल्यावर ओली पाटी वाळताना दिसते तसं, हळूहळू फिकट होत जाणारं. 'काही चुकलं आहे का?' ह्या प्रश्नाखाली लुकलुकणारी रेघ उत्तराची वाट पाहत होती. त्यांनी पाच मोजले. मग लिहिलं, 'नाही. बरोबर आहे.' आणि यंत्र बंद केलं.

कागद त्यांनी त्याच दुपारी पुरा केला. तिसऱ्या कंपनीच्या ओळीत त्यांना खोट काढता आली असती. प्रमाणपत्राला अजून नाव नव्हतं, चित्र कधीकधी अडकत होतं. तेवढं पुरलं असतं, आणि जूनमध्ये पावणेचारला दार ढकलून मुलं त्यांच्याकडेच आली असती. त्यांनी 'मूल अडलं तर' ह्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि बराच वेळ तशीच धरली. खोटं लिहायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. शेवटी लिहिलं, 'थांबतो.' साहेबरावांनी कागद उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "बिलकुल ठीक, मॅडम. मला वाटलंच व्हतं, तुम्ही मराठीवालंच काढणार. शनिवारी पोरांना दाखवून टाकू एकदा, काय म्हणता?" उषाबाई म्हणाल्या, दाखवा.

शनिवारी सकाळची शाळा. मोठ्या खोलीत भिंतीवर पांढरं कापड लावलं, जालन्याहून मागवलेला प्रोजेक्टर टेबलावर ठेवला. चाळीस मुलं फरशीवर. उषाबाई कडेला, मुलींच्या ओळीच्या टोकाशी खुर्चीवर. सावळा हात भिंतीवर आला तो केवढा तरी मोठा, एकेक नख ओंजळीएवढं. अकरा अधिक अकरा. संगणकाचे अकरा, तो म्हणाला, म्हणजे आपले तीन. मुलं वहीत लिहू लागली. एक अधिक एक, शून्य, हातचा एक. "तो खिशात ठेवा." हात बाहेर गेला, आणि खोलीतले सगळे मुलगे, न सांगता, एकदम आपापल्या सदऱ्याच्या खिशाला हात लावून हसले. साहेबरावसुद्धा. सत्तावीस वर्षांत एवढे हात एकदम खिशाकडे गेलेले त्यांनी पाहिले नव्हते.

त्यांच्या पायाशी अयोध्या बसली होती, आठवीतली, सातोना बाजूच्या मजुरांची, प्रश्न विचारताना नेहमी ओढणीचं टोक चावणारी. तिनं कुर्त्यावर एका बाजूला हात फिरवला, मग दुसऱ्या. मान वर करून कुजबुजली, "मॅडम, मला खिसा न्हाई."

पुढचा मुलगा वळून म्हणाला, "मंग डोक्यात ठिव की." दोघंतिघं खुसखुसले. भिंतीवरचा माणूस, पुढच्या घरात किती, असं विचारून पाच मोजत होता. मुलींच्या सबंध ओळीत कुणालाच खिसा नव्हता, हे उषाबाईंना तेव्हा दिसलं. वाडीवरही नव्हता, तिथं मुली परकराच्या गाठीत बांधून घेत, आणि ते त्या वाक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी वाकून उजवा तळवा पुढं केला.

"इथं ठेव. माझ्यापाशी."

अयोध्यानं दोन बोटांच्या चिमटीत काही तरी धरल्यासारखं केलं, अगदी खरं, आणि त्यांच्या तळव्यावर ठेवलं. बोटं गार होती. उषाबाईंनी मूठ मिटली. पाचवा आकडा संपला, माणूस बोलू लागला: आता पुढचं घर, एक अधिक एक, आणि खिशातला तो काढा. मुलग्यांचे हात परत खिशांकडे गेले. उषाबाईंनी मूठ थोडी पुढं केली. पण अयोध्याची नजर भिंतीवर होती. तिथल्या सावळ्या हातानं लिहिलं तसं ती उतरवून घेत होती, एक, परत हातचा एक, डावीकडे एक. संगणकाचे एकशे दहा, म्हणजे आपले सहा. उत्तर बरोबर आलं. तिनं त्याच्याखाली दोन रेघा मारल्या, ओढणीचं टोक तोंडातून सोडलं आणि शेजारणीला वही दाखवली. "आणि घरी न्यायचा नाही, बरं का," भिंत म्हणाली, आणि सगळी मुलं हसली, अयोध्याही हसली, हसता हसता उषाबाईंकडे बघून हसली आणि परत भिंतीकडे वळली.

शाळा सुटल्यावर साहेबराव फाटकापर्यंत सोडायला आले. जूनमध्ये उद्घाटनाला यायलाच पाहिजे, पहिल्या रांगेत, असं म्हणाले. उषाबाई हो म्हणाल्या. ऊन चढलं होतं. स्टेशनच्या रस्त्यानं त्या नेहमीच्या चालीनं चालत गेल्या; पिशवी डाव्या खांद्याला, छत्री न उघडता. रसवंतीवाल्यानं रामराम केला तेव्हा उजवी मूठ न उघडता त्यांनी नुसती मान हलवली. दाराशी आल्यावर पिशवीतून किल्ली काढायला वेळ लागला, कुलपाला लावायला त्याहून लागला, दोनदा निसटली. डाव्या हाताला सवय नव्हती.